आप्पांना गाडी कशी वाटली

परवा लेकाने नवी स्पोर्ट बाईक आणली आणि मला मागे बसवून भरधाव फेरी मारली. उतरताना तापलेल्या नव्या इंजिनाचा वास नाकात गेला आणि मी थेट निपाणीच्या हायवेवर पोचलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मला नुकतीच नोकरी लागली होती. शोरूमवाल्याने नवी मोटरसायकल चालवून बघायला दिली. मागे, धोतर सावरत, वखारीत तंबाखू चाळणारे माझे आप्पा जन्मात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसले. मी शिकलो होतो मित्राच्या जुन्या गाडीवर. तिचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला. या नवीत सगळं उलटं होतं.

गाडी इतकी हलकी की मी हरखून वेग वाढवला. तेवढ्यात तंबाखूचे बोद, ते मोठाले गठ्ठे, लादलेली बैलगाडी आडवी आली. सवयीने मी डावा पाय जोरात दाबला. ब्रेक लागलाच नाही. गिअर पडला, इंजिन किंचाळलं. कसंबसं हँडल वळवलं, तेव्हा बैलाचा गरम श्वास माझ्या हाताला लागला. पाठीवर आप्पांच्या मुठीत माझा शर्ट टरकन फाटला.

"कशी वाटली?" शोरूमवाल्याने विचारलं. मी फाटका शर्ट चाचपत होतो. आप्पाच म्हणाले, "लई ब्येस हाय. हीच घे रं."

घेतली. आप्पा पुन्हा तिच्यावर कधी बसले नाहीत. "तू हो म्होरं, मी चालत येतो. पाय मोकळं हुत्यात," म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं.

परवा लेक म्हणाला, "बाबा, उद्या बाजारात सोडतो."

"गाडी छान आहे रे," मी म्हणालो. "पण मी चालत जाईन. पाय मोकळे होतात."