ढोलीमागची भिंत

लग्न होऊन आंधळगावला आले तेव्हा सासरी एक म्हातारा कुत्रा होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्याला धड दिसत नव्हतं, हाक मारली तर भलतीकडेच बघायचा. अंगणाचं दार सताड उघडं असताना हा मागच्या खोलीत जाऊन धानाच्या ढोलीला खेटून मुतायचा. ढोली म्हणजे शेणाने लिंपलेली बांबूची उंच कणगी. वर्षाचं धान त्यात, म्हणजे आमची लक्ष्मीच.

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हात फार चालायचा. बैलांवर, गड्यांवर, सासूबाईंवर. बैल हाकायच्या टोकदार काठीने, तुतारीने, ते कुत्र्याला झोडपायचे, त्याचं नाक त्या ओलीत घासायचे. खाऊन माजला, मुद्दाम करतो, असं त्यांचं म्हणणं. घडीभराने तोच कुत्रा त्यांचे पाय चाटायला यायचा. मार विसरलेला असायचा. मला दोघांचाही संताप यायचा.

नवं धान भरलं त्या दिवशी पूजेच्या आधीच त्याने ढोलीच्या बुडाशी घाण केली. मामाजींनी बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा दांडा, उपसून आणली. पहिल्याच तडाख्यात त्याचा मागचा पाय मोडला, दुसऱ्याने तोंडातून रक्त आलं. सासूबाई मधे पडल्या, तर त्यांच्या मनगटावर बसली. कुत्रा पळाला नाही. फरफटत ढोलीमागच्या भिंतीशी गेला आणि नखांनी माती खरवडू लागला.

सासूबाई मनगट धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं दरवाजा होता जी. ढोली ठेवाले तुमीच बुजवला. तो त्याच दरवाजानं बाहीर जाले पाहून राहिला."

मामाजी थांबले. मग कुदळ घेऊन त्या भिंतीवर तुटून पडले. ढोली फुटली, धान रक्तात आणि मुतात सांडलं, त्यांना भान नव्हतं. मारताना दिसायचे तसेच दिसत होते. भगदाडातून परसातला उजेड आला तसा कुत्रा अंग ओढत बाहेर गेला, लिंबाच्या बुडाशी मुतला आणि तिथेच आडवा झाला. मामाजी जवळ गेले तर शेपूट हलवली.

दिवस मावळायच्या आत तो गेला. मामाजी जेवले नाहीत. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

पुढे सुतार बोलावून त्यांनी तिथे नवा दरवाजा बसवला. सासूबाईंचं मनगट मात्र वाकडंच राहिलं. रोज सकाळी त्याच हाताने त्या दरवाजाची कडी काढायच्या.