परसों

सेलूच्या स्टेशनावर नाना मला सोडायला आले, तेव्हा मी डब्याच्या दारात उभं राहून त्यांचीच नक्कल करत होतो. नाना म्हणजे माझे वडील. मारुतीच्या देवळात पोथी सांगायचे. सुरू करण्याआधी तीनदा खाकरायचे, दोन छोटी, एक लांब. मी तसाच खाकरलो, तर फलाटावरच्या एका म्हातारीनं सवयीनं हातच जोडले. सगळे हसले. नाना तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "लेका, सगळ्यांच्या गळ्यातून बोलतोस. देवापुढं तरी आपल्या गळ्यातून बोल." गाडी हलली. मी ते वाक्यसुद्धा त्यांच्याच आवाजात परत म्हणून दाखवलं. मला निरोप घेता येत नव्हता, म्हणून माकडचेष्टा चालल्या होत्या. तुम्ही जे मागं राहिलात आणि जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघालात, तुम्हाला दोघांनाही हे कळेल.

हैदराबादला सरकारी ऑफिसात नोकरी लागली होती, आणि तिथं काचीगुड्यात मला खोली मिळाली ती बडे मियाँच्या घरात. बडे मियाँ आमच्या गल्लीतल्या मशिदीत बांग द्यायचे. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण मधली भिंत पातळ. संध्याकाळी मी दोस्तांना नानांची पोथी करून दाखवायचो, ती पलीकडं जायची. एखाद्या दिवशी मी गप्प असलो की मियाँ दारातून विचारायचे, "क्या मियाँ, आज तुम्हारे वालिद नहीं आए?" वालिद म्हणजे नाना.

सेलूत मला एकच देव माहीत होता आणि एकच मोहरम. हैदराबादेत तर देवांचा बाजारच भरलेला. पहाटे मियाँची बांग, मागोमाग गल्लीच्या तोंडाशी तेलुगू पुजाऱ्याची घंटा. आबिड्सकडं गेलो की चर्चमधला पाद्री, आणि एका सरदारजी दोस्ताबरोबर गुरुद्वाऱ्यात गेलो की तिथले भाईजी. मला काय, नकलेला माल मिळाला! सगळ्यांचे आवाज काढता काढता माझ्या एक लक्षात आलं. देव कुणाचाही असू दे, हाक मारायच्या आधी माणूस खाकरतोच. मियाँ एकदाच, हळू. पाद्री रुमालात. पुजारी तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. दोस्तांना हे दाखवलं की हसून लोळायचे. मीही हसायचो. आज वाटतं, त्या सगळ्यांना एकच धास्ती असणार, की आज हाक पोचली नाही तर?

मग आमच्या हैदराबाद राज्याच्या वाटण्या झाल्या. तेलुगू मुलूख एकीकडं, कन्नड दुसरीकडं, आपला मराठवाडा मुंबईकडं. ऑफिसात फायलींचे तीन ढीग पडले आणि मराठी ढीग माझ्या गळ्यात आला. आठ-दहा दिवस मी तिथंच मुक्कामाला होतो, फायलींवर डोकं ठेवून झोपायचो. शनिवारी कपडे बदलायला खोलीवर आलो, तर मियाँ दारातच. "परसों तुम्हारे गाँव के एक साहब आए थे. वालिद बीमार हैं बोले. तुमको बुलाए."

आमच्या शाळेतली उर्दू छडी खाऊन शिकलेली. परसों म्हणजे परवा. मी हिशोब केला, गुरुवारी निरोप आला, म्हणजे दुखणं ताजं आहे. जास्त असतं तर तार आली असती. सोमवारी ढीग सोपवू आणि निघू.

सोमवारी निघालो, मंगळवारी पोचलो. दारात चपलाच चपला. नानांना आदल्या दिवशीच नेलं होतं. ते गेल्याची तार तिकडं काचीगुड्याला चालली होती आणि मी इकडं गाडीत, डब्यातल्या लोकांना तिकीट-कलेक्टरची नक्कल करून हसवत होतो.

आई म्हणाली, "निरोप धाडून बारा दिवस झाले रे. तार करू नका म्हणायचे, पोरगं घाबरंल. गाडीची शिट्टी झाली की कोपरावर उठून बसायचे. पोथीचा शेवटचा अध्याय ठेवलाय म्हणायचे, तो आला की तो वाचील."

तेव्हा मला कळलं. बडे मियाँ खोटं बोलले नव्हते. हैदराबादेत गेला आठवडाही परसों, गेलं सालही परसों, निजामाच्या आजोबांचं लग्नसुद्धा परसोंच. हे मला वर्षभर माहीत होतं. मी त्या परसोंची नक्कलसुद्धा करायचो! मियाँनी निरोप दिला त्या दिवशी तेवढी मला शाळेतली उर्दू आठवली. शनिवारीच निघालो असतो तर पोचलो असतो.

तेरावा करून परतलो. माझं तासलेलं डोकं बघून मियाँना काय ते समजलं. टोपी नीट करत त्यांनी विचारलं, "वक़्त पे तो पहुँचे ना, बेटा? मैं बोला था ना तुमको?"

उत्तराआधीच त्यांनी टोपी पुन्हा एकदा नीट केली.

"हौ," मी म्हणालो. "पहुँच गया."

"कुछ बोले?"

मी खाकरलो. दोन छोटी, एक लांब. आणि नानांच्या गळ्यातून म्हणालो, "आलास का रे? ये, बस. शेवटचा अध्याय राहिलाय."

मियाँना त्यातलं अक्षरही कळलं नसेल, पण आवाज ओळखीचा होता. ते खाकरले, एकदाच, हळू. मग हात वर करून नानांसाठी काहीतरी पुटपुटत राहिले. मला त्यातलं शेवटचं आमीन तेवढं कळलं. आयुष्यात एवढी बेमालूम नक्कल मी केली नव्हती, आणि पुन्हा होणारही नाही.

मराठी ढिगाबरोबर मलाही जाता आलं असतं. नाही गेलो. आई थोरल्या भावाकडं आहे. गावाकडं सगळ्यांना माहीत आहे की मी पोचलो नाही. इथं, भिंतीपलीकडं, एक म्हातारा आहे, त्याच्या लेखी मी वेळेवर पोचलो होतो. आता घर म्हणाल तर तेवढंच. पोथी मी बरोबर आणलीय, लाल फडक्यात, फळीवर. शेवटचा अध्याय अजून तसाच आहे. वाचायला बसलो की नानांचाच आवाज निघतो. माझा गळा नेमका कोणता, तो सापडत नाही.

ऑफिसात नवीन कुणी विचारतं, वालिद कब गुज़रे? मी पक्का हैदराबादी झालोय. सांगतो, "परसों."