आठल्यांच्या सुनेचा ओटा

इंगर नव्या ओट्यापाशी उभी राहिली आणि माझं माप चुकल्याचं मला दिसलं. शेगडीवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते बघायला तिला टाचा उचलाव्या लागत होत्या. कोपर खांद्यापर्यंत वर घेऊन ती डाव फिरवत होती, होडी वल्हवावी तसा.

"छान," तिच्या सासूबाई, माई आठल्ये, दारातून म्हणाल्या. "आता एक शिडीपण करून द्या."

ही गोष्ट अंधेरीतली, पन्नासच्या दशकातली. मी एका छोट्या फर्ममध्ये नवा सिव्हिल इंजिनियर. आठल्यांचा वसंत डेन्मार्कला डेअरीचं शिकायला गेला आणि डिप्लोम्याबरोबर बायको घेऊन आला. तेव्हा बहुतेक घरांत स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. इंगरनं काही महिने बसून पाहिलं. पायांना मुंग्या यायच्या. एकदा उठताना आमटीसकट कोलमडली. माईंनी निकाल दिला, "तू बाहेर बस, मी करते." रागानं नाही, मायेनंच. पण इंगरनं वसंतला सुनावलं, मी या घरात पाहुणी म्हणून आलेली नाही. मला उभ्यानं स्वयंपाक करायची सोय हवी.

माईंनी एका अटीवर परवानगी दिली. रविवारी मुली-जावई जेवायला येणार. सगळा स्वयंपाक सुनेनं ओट्यावर करून दाखवायचा. नाही जमला तर ओटा तोडायचा आणि परत स्वयंपाकघराचं नाव काढायचं नाही.

ओटा बांधायचं काम माझ्याकडे आलं. ओट्याचा नियम सोपा असतो. काम करताना हात कोपराच्या चार बोटं खाली चालला पाहिजे. मी शेगडीची उंचीसुद्धा आठवणीनं वजा केली होती. त्याचा मला इतका आनंद झाला होता की फर्मच्या साहेबांना दोनदा सांगितलं. घोटाळा दुसरीकडेच होता. स्वयंपाकघरात शिरायचं तर बूट काढायला हवे होते, आणि माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. म्हणून मी इंगरचं माप व्हरांड्यात घेतलं. तिच्या पायात टाचांचे बूट होते. माईंच्या स्वयंपाकघरात पायताण चालत नाही. माझा अंगठा झाकला गेला आणि ओटा अडीच इंच उंच झाला.

साहेब कमी बोलायचे. "उद्या मिस्त्रीला घेऊन जा. कडप्पा उतरव, विटांचा थर काढ, परत बसव."

"साहेब, परवा रविवार आहे. सिमेंट सुकणार नाही."

"मग तोड आणि माफी माग. आणि मोज्यांची एक जोडी घे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन आत शिरला, तर इंगर ओट्यावर चढून बसलेली. पाय खाली सोडून मटार सोलत होती.

"अगं, ओट्यावर बसतात का?" माई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणता, बसून काम कर," इंगर तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली. "बसले."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी कडप्प्याकडे.

"वहिनी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पण तोडावा लागेल."

"तोडला की रविवार गेला. रविवार गेला की मी बाहेर. मी उठत नाही."

"मग उद्या काय टाचांवर नाचणार आहेस?" माईंनी विचारलं.

"माझे बूट घालते."

"चामडं? माझ्या स्वयंपाकघरात? मी मेले नाही अजून."

तेवढ्यात माईंचे यजमान, नाना, आंघोळ उरकून देवघराकडे निघाले. वाट स्वयंपाकघरातूनच होती. पायात खडावा, खट खट खट. इंगरचे हात थांबले.

"नाना घालून चालतात."

"त्या खडावा आहेत. लाकडाला विटाळ नसतो."

"आमच्या गावात लाकडाचे बूट घालतात," इंगर म्हणाली. "गोठ्यात. मीपण घालायचे."

नियम माईंचाच होता, आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांदेखत सांगून टाकला होता.

"बरोबर बोलतेय ती," देवघरातून नाना म्हणाले.

"तुम्ही जप करा," माई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "गोठ्यातले नकोत. नवे करून घे."

इंगर तेव्हा कुठे खाली उतरली. तिनं कोळशानं फरशीवर लाकडी बुटांचा आकार काढून दिला. मी परत माप घेतलं, या वेळी आत, फाटक्या मोज्यांनी. माईंनी माझा अंगठा पाहिला आणि सुईदोरा आणून माझ्यापुढे ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टेशनजवळच्या सुतारानं आंब्याच्या लाकडाचे अडीच इंच जाड तळवे कापले. खडावांच्या खुंटीऐवजी वरून नवारीची सुती पट्टी मारली.

रविवारी मलाही पंगतीला बसवलं होतं, बहुधा शिक्षा म्हणून. आतून सारखं खटाक खटाक ऐकू येत होतं. इंगरनं एकटीनं सगळं केलं आणि वाढायलाही तीच आली.

"आई, आमटी खारट झालीय," थोरली मुलगी म्हणाली.

"माझीपण होते. जेव."

"उद्या कमी घालीन," इंगर म्हणाली. त्या 'उद्या'ला माईंनी हरकत घेतली नाही.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "तोडलास?"

"नाही साहेब. ओटा आहे तेवढाच आहे. बाई उंच केली."

त्यानंतर कुणाच्याही ओट्याचं माप घेताना मी बाईंना आधी चपला काढायला सांगतो. लोकांना वाटतं, इंजिनियर फार सोवळ्यातला आहे.