उंबरवाडीवर न लिहिलेली कविता

रघुनाथ गेल्याची बातमी शाळेच्या दारात आली. तिकोणा पेठेचा एक माणूस, डोक्यावर घोंगडीची खोळ, निथळत उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, देवीडॉक्टर गेलं. काल दुपारी. देवळातच." वर्गात मुलं पाढे म्हणत होती. मी त्यांना थांबवलं नाही. देवळात का, हेही विचारलं नाही. तो तिकडे का जाऊन राहिला होता ते मला ठाऊक होतं. त्या सगळ्याची सुरुवात माझ्याच वर्गात झाली होती...

आम्ही तळेगावला एका बाकावर बसून शिकलो. मी लोणावळ्याला मास्तर झालो आणि तो सरकारात देवीची लस टोचायच्या नोकरीला लागला. खांद्याला पत्र्याची पेटी अडकवून तो सगळा मावळ पायी हिंडे. त्याला लांबून पाहिलं की पोरं कणगीमागे लपत. संध्याकाळी ज्या चावडीत मुक्काम असेल तिथे बसून तो कविता लिही. पुण्याच्या मासिकांतून त्या छापून येत, आणि वाचणारे म्हणत, फार उदास लिहितो हा माणूस. पण रघुनाथ उदास नव्हता. त्याची आठवणच तशी होती. गावाचं नाव काढलं की तिथे कुठल्या घराची भिंत पोटातून फुगली आहे, कुठल्या पोराच्या दंडावरची जखम भरायला वेळ लागला, हे तो सांगे. "जे मोडायला आलंय तेच माझ्या ध्यानात राहतं रे," असं एकदा म्हणाला होता. त्याची प्रत्येक कविता आधी माझ्याकडे येई. मी एखादा शब्द सुचवी, एखादी ओळ खोडी. यातली भिंत कुठली, असं मात्र मी त्याला कधी विचारलं नाही.

औंढ्याच्या वडावर त्याने एक कविता केली होती. बाहेरून हिरवागार, आतून पोकळ झालेला वड. मला ती इतकी आवडली की मी ती वर्गात पाठ करून घेतली, आणि औंढ्याची मुलं ती घरी म्हणू लागली. पुढच्या वळवाच्या वाऱ्यात तो वड उन्मळून पडला, खाली बांधलेली बैलजोडी जागीच गेली. मग तुंगार्लीकडच्या एका विहिरीचा काठ खचला. तिच्यावरही त्याची कविता होती. तेवढं पुरलं. "डॉक्टर लिवतो ते पडतं," हे वाक्य बाजाराच्या दिवशी गावोगाव पोचलं. मी हसलो. रघुनाथ हसला नाही.

डोंगराच्या कुशीत उंबरवाडी म्हणून सात घरांची वस्ती होती. दोन वर्षांपूर्वी तो तिथे टोचायला गेला तेव्हा वाडीतले वडील माणूस, त्यांना सगळे आबा म्हणत, वाटेवरच उभे होते. आबांनी हात जोडले. "पोरं टोचा, आमी आडवं येत न्हाई. पर आमच्या वाडीचं कायबी लिवू नका. येवढं ऐका." रघुनाथने शब्द दिला. वाडीच्या वरच्या उतारावर एक भेग पडलेली त्याने त्याच दिवशी पाहिली होती, कवितेच्या चार ओळीही मनात जुळल्या होत्या. त्या त्याने कागदावर उतरवल्याच नाहीत. दिला शब्द पाळला.

त्या श्रावणात डोंगर खाली आला. गुरं घेऊन माळावर गेलेले तिघे तेवढे वाचले. आबा सापडलेच नाहीत.

चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. नखांत चिखल तसाच. पुढे ठेवलेल्या चहाला त्याने हात लावला नाही. म्हणाला, "लिहिणार नाही असं कबूल केलं होतं मी. बोलणार नाही असं कुठे केलं होतं?... चार ओळी गिळल्या, त्यांच्याबरोबर भेगही गिळली." "तुझा काय दोष त्यात?" असं काहीतरी मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा ते वाक्य मी उच्चारलं नाही.

त्यानंतर त्याने कविता केली नाही. फुगलेली भिंत दिसली की घरधन्याला बोलावून दाखवायची, एवढंच. लोक चिडत, कुणी अंगावर धावून येई. यंदा ज्येष्ठात तिकोण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर त्याला तशीच भेग दिसली. कुणी ऐकेना, तेव्हा रजा टाकून तो तिथेच राहिला. मुसळधार पावसात घोंगडी पांघरून उतारावर बसून राही. अंगात ताप भरला तरी उठेना. शेवटी वाडीतल्या सखूमावशीच म्हणाल्या, "ह्यो मरंल हितं. चला रं, ह्याच्यासाटी तरी चला." सगळी वाडी तिकोणा पेठेतल्या देवळात उतरली आणि त्यालाही उचलून आणलं. तिथेच छाती भरून तो गेला.

डोंगर पडला नाही. तेराव्यानंतर माणसं आपापल्या घरी परतली.

गेल्या रविवारी मी कामशेतला गाडीतून उतरून तिकडे गेलो. ऊन स्वच्छ होतं. हस्ताचा पाऊस अजून यायचा होता. सखूमावशींनी मला उतारावर नेलं. भेगेच्या दोन्ही काठांवर रघुनाथने एकेक खुंटी ठोकून मध्ये सुतळी बांधली होती. "डाक्टर रोज बगायचं," मावशी म्हणाल्या. "बांदली तवा ढिली व्हती, पार जमिनीला टेकत व्हती. आमी काय आता वर येत न्हाई."

सुतळी जमिनीला टेकत नव्हती. मी वाकून बोट लावलं. ती ताठ होती, आणि तिचा पीळ एका जागी उलगडू लागला होता. खाली घरांतून धूर निघत होता, कुणीतरी भात कांडत होतं.

"तुमी बी लिवता का मास्तर?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"मंग त्वांडानं सांगा. काय हाय त्ये."

भेग रुंदावतेय, आजच खाली उतरा, असं मी सांगितलं. इतकी साधी वाक्यं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, एकदा डोंगराकडे पाहिलं, आणि उतरून आधी गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडलं.