आकार नाही, आकारमान नाही, वजन नाही

शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर घरी बसून पुन्हा नोकरीच्या जाहिराती वाचणं. शाळा खुटबावच्या पुढं एका वाडीवर. मी राहायला दौंडला. "शाळेत टीव्ही आलाय, त्यावर सातवीचा विज्ञानाचा पाठ घेऊन दाखवा," असा त्याच साहेबांचा निरोप आला, तेव्हा मी दोन दिवस छाती काढून हिंडलो. कॅसेट लावायची आणि बाजूला उभं राहायचं, यात नापास होण्यासारखं काय होतं?

पाठ पदार्थाच्या अवस्थांचा. स्थायू, द्रव, वायू. आमच्याकडं लाईट साडेअकराला जायची, घंटेपेक्षा नेमानं. प्रार्थना, हजेरी, व्हीसीआरची जोडाजोडी यात अकरा वाजून जात. पोरांच्या चांगलं डोक्यात बसावं म्हणून मी रोज पहिल्यापासून लावायचो. ओळीनं चार दिवस स्थायू झाले, द्रव झाले, आणि कॅसेटमधली बाई "आता आपण वायूंकडे वळूया" म्हणाली की पडदा काळा. कॅसेट पुढं पळवून वायू आधी बघून घ्यावेत, एवढी अक्कल चार दिवसांत एकदाही सुचली नाही.

उरलेले वायू मी तोंडी उरकले. वायूला आकार नाही, आकारमान नाही, वजन नाही. शेवटचं 'नाही' खरं सांगायचं तर ठेक्यासाठी आलं होतं. चाल अशी झकास बसली की बेचाळीस पोरं म्हणू लागली की छपराचे पत्रे वाजायचे.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी घरमालकांच्या व्हीसीआरवर कॅसेट शेवटपर्यंत पाहिली. काठीच्या दोन टोकांना दोन फुगे, काठी आडवी, सरळ. बाईनं सुईनं एक फुगा फोडला. दुसऱ्या फुग्याची बाजू सावकाश खाली गेली. "म्हणजेच वायूला वजन असते," बाई म्हणाली. घरमालकांनी दिलेला चहा माझ्या हातात गार झाला.

सकाळी लवकर जाऊन पोरांना दुरुस्त करायचं ठरवलं. वाडीवर पोचलो, तर साहेबांची मोटरसायकल आधीच शाळेपुढं उभी. आता एकच आशा उरली होती. साडेअकरा.

साहेब वर्गात मागं खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही. स्थायू झाले. द्रव सुरू झाले. माझा सदरा पाठीला चिकटला होता. साडेअकरा वाजले. अकरा बत्तीस. अकरा पस्तीस. लाईट जाईना. मुख्याध्यापक दारात उभे होते, त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "घाबरू नका, सर. वायरमनला कालच सांगून ठेवलंय. साहेब जाईस्तोवर लाईट हलायची न्हाई."

"उपकार झाले," मी म्हणालो.

फुगा फुटला. काठी कलली. बाईनं आपलं वाक्य म्हटलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, टीव्हीवाली बाई चुकतीय."

"काय चुकतंय, बाळ?" मागून साहेबांनी विचारलं.

"वायूला वजन नसतंय. आमच्या सरांनी सांगितलंय."

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण सगळ्या वर्गानं, न सांगता, चालीत म्हणून दाखवलं. पत्रे वाजले.

साहेबांनी टीव्ही बंद करायला लावला. "आता तुम्हीच सांगा, सर. बाई बरोबर का तुम्ही?"

बेचाळीस पोरं माझ्याकडं बघत होती, तीही माझ्या बाजूनं. साहेब मूळचे इतिहासाचे, असं ऐकून होतो. रेटून नेलं असतं तर कदाचित खपलं असतं. ती मुलगी अजून उभीच होती, माझ्यासाठी भांडायच्या तयारीत.

"बाई बरोबर आहे," मी म्हणालो. "मी चुकीचं शिकवलं."

"मग चार दिवस आम्ही काय बोंबलत होतो?" मुलगी म्हणाली.

साहेबांनी वही मिटली. "पंधरा दिवसांनी येतो. टीव्ही नको. एक जरी पोरगं वजन नाही म्हणालं, तर कायम व्हायच्या सहीचं विसरा."

चालीत शिकवलेलं पुसत नाही, हे त्या पंधरवड्यात कळलं. काठ्या बांधल्या, फुगे फोडले, पोरांनी स्वतः फोडले. सगळ्यांना पटलं. पण 'आकार नाही, आकारमान नाही' म्हटलं की तिसरं 'नाही' आपोआप बाहेर पडायचं. शेवटी सकाळ-संध्याकाळ एकेकाला गाठून विचारायचो. पोरं मला बघून हौदाकडनं वळसा घालायला लागली.

साहेब आले आणि नेमकं त्याच मुलीला उठवलं. "वायूला वजन असतं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी फळ्याकडं.

"असतंय," ती म्हणाली. मी श्वास सोडणार तोच पुढं म्हणाली, "आमच्या सरांना ठावं नव्हतं. पर आता त्यांचंबी पाठ झालंय."

साहेबांनी आणखी दहा-बारा पोरं उठवली. एकही घसरलं नाही. मग त्यांनी पेनाचं टोपण काढून शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांची तयारी उत्तम.' माझ्याविषयी एक अक्षर नव्हतं. पण खाली सही होती.