पडद्यावरचा माझा हात

आधी माफी मागून घेते. अक्षर माझं वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत नीट भेटले नाहीत आणि पुढं भेटायची सोय नव्हती. हे कुणाला दाखवायचं नाही, मग माफी कुणाची मागतेय तेही कळत नाही. पण तोंडानं बोलायला लाजते, तर लिहिताना तरी रीत पाळावी.

मी लाजते म्हटलं की लोक हसतात. दौंडच्या बाजूला हमरस्त्याकडेच्या थिएटरात अर्धं आयुष्य लावणी नाचले आणि म्हणे लाजते! पण ते सोपं आहे. स्टेजला आम्ही बोर्ड म्हणतो. बोर्डावर काय म्हणायचं, कुठं हसायचं, कुणाकडं बघून मान वळवायची, सगळं गाण्यात ठरलेलं असतं. घरी कुणी ठरवून देत नाही, म्हणून घरी मी गप्प.

माझ्या गप्प बसण्याची खरी कदर माझ्या धाकट्या भावानं केली. आमच्यात थिएटरची मालकीण कलावंतिणीला आगाऊ पैसे देते, त्याला उचल म्हणतात. ती फिटेपर्यंत थिएटर सोडायचं नाही. उचल कलावंतिणीच्याच हातात द्यायची रीत आहे. मी हातात घ्यायची आणि भावाकडं द्यायची. पहिल्या उचलीत त्यानं पिकअप घेतला. मागं लिहून घेतलं, 'आईची कृपा'. आईनं त्यात रुपया घातला नव्हता; पण 'आक्काचे घुंगरू' लिहिलं असतं तर गाडीला भाडं कोण देणार? पुढं उचल फिटत आली की त्याला टायर आठवायचे. मग इंजिन. मग स्वतःचं लग्न. गुडघे माझे झिजायचे, टायर त्याचे नवे व्हायचे. मला एवढंच हवं होतं, की एकदा उचल फिटावी आणि शिरूरला खोली घेऊन नऊवारी शिवत बसावं. नऊवारी नेसून नाचण्यापेक्षा शिवणं गुडघ्याला बरं.

त्यात सिनेमावाले आले. इनामगावच्या बाजूला घोड नदीकाठी त्यांनी तमाशाची कनात उभारली. त्यांना अस्सल तमाशा हवा होता, म्हणून आमचा ताफा, म्हणजे आमची पार्टी, घेतली. आणि अस्सल दिसावं म्हणून पहिल्याच दिवशी आम्हाला बदललं. माझे घुंगरू जड, म्हणून प्लॅस्टिकचे दिले. गाणं दुसऱ्या बाईच्या आवाजात आधीच भरून आणलं होतं, मी नुसते ओठ हलवायचे. जीन्स घातलेली एक पोरगी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून मला बाई कशी लाजते ते करून दाखवायची. मी बघून बघून शिकले.

शेवटच्या दिवशी, पाटील झालेला नट मला पाचशेची नोट देतो, असा प्रसंग होता. खोटी नोट कॅमेऱ्यात कळते म्हणून दिग्दर्शकानं खरी मागवली. नटानं ती डाव्या हातानं दिली. कट! पैसे सांभाळणारा माणूस माझ्याकडं आला.

"ताई, नोट द्या परत."

मी मूठ मिटली. बोलता येईना आणि मूठही उघडेना. बोर्डावर दिलेली नोट परत जात नाही, हे आमच्यात पोराला चालायच्या आधी कळतं.

आमचे ढोलकीवाले मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, दिल्याली नोट मागं घेत न्हाईत. पाटलाची आब्रू जाती."

"अहो मामा, पाटील खोटाय!"

"व्हय, पर नोट तर खरी हाय न्हवं?"

नटाला हे फार आवडलं. मिशीवर हात फिरवत तो म्हणाला, "राहू द्या तिच्याकडं. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"तुमची इज्जत माझ्या पेटीतनं चाललीय, सर," पैशाचा माणूस म्हणाला.

तिकडं ऊन उतरत होतं. दिग्दर्शक ओरडला, "दुसरी नोट द्या, पण सुरू करा!"

पुढच्या वेळी नटाचा फेटा सुटला. त्याच्या पुढच्या वेळी तो वाक्य विसरला. दर वेळी नोट माझ्या मुठीत. मी मनात नवस बोलले, देवा, आज ह्याला अभिनय येऊ देऊ नकोस. देवाला काही कष्ट पडले नाहीत. दिवस मावळायच्या आत पेटी रिकामी झाली आणि पैशाचा माणूस शिरूरच्या एटीएमला जाऊन आला.

मग वाटणी. थिएटरचा वाटा मालकिणीनं घेतला आणि माझ्यातला थोडा उचलीत वळता केला. पार्टीनं आपला घेतला. आब्रूचं भाषण केल्याबद्दल मामांनी एक नोट जास्त मागून घेतली. माझा उरलेला वाटा मी कमरेच्या पिशवीत बांधला. भावानं विचारलंच नाही. सिनेमात पैसा मिळत नाही, नाव होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

सिनेमा लागला तेव्हा भावानं दोस्त पिकअपमध्ये भरून शिरूरच्या टॉकीजला नेले. मीही मागं बसून गेले. माझा चेहरा शोधता शोधता गाणं संपलं. चेहरा हिरोईनचा, आवाज तिसरीचाच. नोट घेणारा हात तेवढा माझा, मनगटापर्यंत.

"आक्का, हात काय आलाय गं तुझा!" भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. परतताना गाडीत त्याचा बेत ठरला. "आता तू सिनेमातली हायेस. मालकीणमावशी डबल उचल देतीय बघ. दुसरी गाडी घिऊ."

दोन दिवसांनी आम्ही मालकिणीसमोर बसलो.

"या, हिरोईनबाई," ती म्हणाली. "मागलं किती ऱ्हायलंय?"

"थोडंच हाय मावशी, नव्यात धरा की," भाऊच बोलला.

तिनं नव्या उचलीचं बंडल माझ्या हातात ठेवलं. भावानं सवयीनं हात पुढं केला. मी बंडल मालकिणीच्या गादीवर परत ठेवलं. मग कमरेची पिशवी सोडून मागलं राहिलेलं त्याच्या शेजारी ठेवलं.

"आक्का, ह्ये काय? आगं, मी गाडीवाल्याला शब्द दिलाय!"

"मोजा, बाई," एवढंच मला म्हणता आलं. कुणी गाण्यात लिहून न दिलेलं, मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलंच.

"मावशी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"गाडीचा शब्द तू दिलास न्हवं? मग बांध घुंगरू," मालकीण म्हणाली आणि मोजायला बसली. भाऊ माझ्याकडं बघत होता, मी नोटांकडं. शेवटची नोट तिनं उजेडात धरून पाहिली, गल्ल्यात टाकली.

"फिटलं गं, पोरी. सगळं फिटलं."