पांढऱ्या भिंतीचा पंचनामा

ती भिंत आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. नेवासा तालुक्यातल्या एका गावात, मिशनच्या जुन्या वस्तीत, चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षिकेचे दोन खोल्यांचे घर होते. सगळे गाव त्यांना बाई म्हणे. बाई वारल्या. मृत्युपत्रात त्यांनी घर भाच्याला दिले होते आणि ‘बाहेरच्या खोलीतील पूर्वेच्या भिंतीवरचे चित्र’ तालुक्यातल्या छोट्या कलासंग्रहालयाला.

संग्रहालयाचे अध्यक्ष चित्र न्यायला गेले, तेव्हा त्या भिंतीवर एक खिळा आणि खिळ्याला कॅलेंडर. चित्र नाही. त्यांनी ठाण्यात तक्रार अर्ज दिला. संशय भाच्यावर.

मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो. जागेवर जाऊन पाहणी केली आणि हवालदारांना सांगितले, “पंचनाम्यात लिहा, पूर्वेची भिंत रिकामी.” शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, “बैलाचं लई मोठं चित्र हुतं बाईकडं. घोडेगावचा बैलबाजारच जनू!”

दुसऱ्या दिवशी खबर आली. गोधडीत गुंडाळलेली एक मोठी, चपटी वस्तू भाचा टेम्पोत चढवत असल्याचे एकाने पाहिले होते. मला वाटले, केस सुटली.

भाचा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी शाळा त्याला बसवरून उतरवणार, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. म्हणून आधी नुसते चौकशीला बोलावले.

“गोधडीत काय होतं?”

“फळा, साहेब. आत्याचा. झेडपीच्या शाळेला दिला. जाऊन बघा, आज त्याच्यावर सुविचारबी लिवलाय.”

“सुविचार राहू दे, आधी खरं बोल,” हवालदार गुरकावले.

शाळेत फोन केला. फळा तिथेच होता.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. फळ्याबद्दल बोलताना हा माणूस माझ्या डोळ्यांत बघत होता. भिंतीचे नाव काढले की मान खाली. चोर चोरीच्या मालाला घाबरतो, हा भिंतीला घाबरत होता. मी हवालदारांना बाहेर पाठवले, चहा मागवला आणि विचारले, “चित्र कुठं आहे?”

“तितंच हाय.”

“कुठं?”

“भितीवर. म्या चुना मारला त्याच्यावर.”

चित्राला चौकट कधी नव्हतीच. बाईंनी ते तैलरंगात थेट भिंतीवर काढले होते.

“आत्या पाय मोडून दवाखान्यात हुती,” तो सांगू लागला. “नाताळ आला. म्हनलं घर पांढरं करून ठिवावं, तिला बरं वाटंल. धुरानं चित्र पार काळं पडल्यालं, काय हाय ते बी कळत नव्हतं. एक हात दिला तर काळं वर याया लागलं. म्हून तीन हात दिले.”

“बाई काय म्हणाल्या?”

“लई येळ भितीकडं बघितलं. मग म्हनली, घर उजळलं रे बाबा. ते चित्र काढायला तिला दोन वर्सं लागली हुती, हे मला शेजारनीनं मागनं सांगितलं. तवापासून तिच्याम्होरं मान वर केली न्हाई, साहेब.”

मी मृत्युपत्र पुन्हा काढून पाहिले. ते त्या नाताळानंतरचे होते. तैलरंगावर चुना पक्का धरत नाही, हे चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंना ठाऊक असणारच. चित्र खाली शाबूत आहे, हे जाणूनच त्यांनी ते संग्रहालयाला दिले. भाच्याची चूक मात्र कागदावर येऊ दिली नाही.

जुनी चित्रे दुरुस्त करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले. ओला कापूस आणि बोथट सुरी घेऊन त्यांनी चुना सोडवायला सुरुवात केली. आधी एक शिंग दिसले, मग वेसण, मग कासरा, मग कासरा धरलेला तरुण माणूस. भाचा पुढे झाला आणि तसाच उभा राहिला.

“हा माझा बाप हाय,” तो म्हणाला. “बैलाच्या बाजारात असाच हुबा राह्याचा.”

भिंत कापून न्यायची तर घरच खाली आले असते. अध्यक्ष अडचणीत पडले. तेव्हा भाचाच म्हणाला, “नेऊ नका. ही खोलीच तुमची. आमाला मागची बास हाय. आत्यानं चित्र दिलं, मी खोली देतो.”

अध्यक्षांनी तिथेच, माझ्यासमोर, अर्ज मागे घेतल्याचे लिहून दिले आणि भाच्याचा हात हातात घेतला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी शब्द नीट लिहायला शिकवले, म्हणून अंगावर वर्दी आली. तरी त्या पंचनाम्यात माझा शब्द चुकला. भिंत रिकामी नव्हती, पांढरी होती. पांढरी दिसली तेव्हा पांढरीच लिहायला हवी होती; रिकामी हा माझा तर्क होता, आणि त्या तर्कापायी एका सरळ माणसाची रोजी जाता जाता राहिली. पुढे नव्या अंमलदारांना मी हेच शिकवत आलो, दिसेल तेच लिहा. नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. पण जो गुन्हा मी दाखल केला नाही, त्याचा अभिमान सर्वांत मोठा आहे.

त्या खोलीच्या दारावर आता संग्रहालयाची पाटी आहे. दर नाताळाला भाचा तिथे स्वतःच्या हाताने चुना देतो. तीन भिंतींना.